समजून घेऊ : गाठ काढली, मग पाच वर्षे गोळी कशाला?

स्तनातली गाठ काढली, केमो झाली, रेडिएशन झाले. हे सगळे लातूरच्या विवेकानंद रुग्णालयात होवो, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात होवो, की नांदेडहून देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेस गाठून मुंबईच्या 'टाटा'त. शेवटी अनेक महिलांच्या हाती टॅमॉक्सिफेनची छोटी गोळी येते. रोज एक, किमान पाच वर्षे. बरे वाटू लागले की आधी सुटते ती हीच. सोयाबीनची काढणी, घरातले लग्न, संपलेले पाकीट, कारणे बरीच असतात. पण ही गोळी पेशीत काय करते ते कळले, की पाच वर्षांचा हिशेबही कळतो.

गोळी सर्वांनाच लागते का?

नाही. बायोप्सीच्या तुकड्याची 'आयएचसी' तपासणी होते. अहवालात 'ईआर पॉझिटिव्ह' असेल, तर तो कर्करोग इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसला जातो. जगात स्तनांच्या कर्करोगांपैकी सुमारे 70 टक्के असे असतात. भारतात प्रमाण काहीसे कमी आढळते. पाळी गेलेल्या महिलांना बहुधा लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देतात. त्या गोळ्या इस्ट्रोजेन तयार होणेच रोखतात.

पेशीत नेमके काय घडते?

एका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो. हा दोरा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. दोरा घट्ट असेल तिथली जनुके बंद, सैल असेल तिथली सुरू. हे सैल-घट्ट करणारे कारागीर म्हणजे एपिजेनेटिक एन्झाइम, शाळेच्या पुस्तकातली विकरे. जनुकाची अक्षरे ते बदलत नाहीत. ती वाचली जाणार की नाही, एवढेच ठरवतात.

इस्ट्रोजेन पेशीतल्या ग्राहक प्रथिनाला चिकटते. हा ग्राहक डीएनएवर ठरावीक जागी बसून 'पी300'सारखे एन्झाइम बोलावतो. ते रिळांवर रासायनिक खुणा करतात, दोरा सैल होतो आणि वाढीची जनुके चालू होतात. टॅमॉक्सिफेन त्याच ग्राहकात इस्ट्रोजेनची जागा अडवते. मग ग्राहकाभोवती येणारी मंडळीच बदलतात. 'एचडॅक' गटातले एन्झाइम त्या खुणा पुसतात, दोरा पुन्हा आवळला जातो.

पण पुसलेली खूण पुन्हा उमटू शकते. शरीरात कुठे चार पेशी दडून राहिल्या असतील आणि गोळी बंद झाली, तर जागा इस्ट्रोजेनला मोकळी. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅटलास' या आंतरराष्ट्रीय चाचणीत तर पाचऐवजी दहा वर्षे गोळी घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण आणखी कमी दिसले. दहा वर्षे कोणाला, हे डॉक्टर ठरवतात.

गोळी चालेनाशी झाली तर?

काही गाठी कालांतराने इस्ट्रोजेनविनाही वाढायला शिकतात. म्हणून थेट एन्झाइमवर नेम धरणारी औषधे शोधली जात आहेत. टुसिडिनोस्टॅट हे एचडॅक रोखणारे औषध चीनने 2019 मध्ये अशा पसरलेल्या कर्करोगासाठी मंजूर केले. त्याच गटातले एन्टिनोस्टॅट मात्र अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढवू शकले नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या उपचारात ही औषधे अजून नाहीत. आज हाताशी आहे ती जुनी, स्वस्त गोळीच.

ती घेताना अंगातून वाफा येतात, पाळी बिघडते. पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला किंवा पाय अचानक सुजला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. गोळी परस्पर बंद करू नये. गर्भधारणाही या काळात टाळावी लागते. आणि 'आयएचसी'च्या अहवालाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्यावा. रुग्णालय बदलले की नवे डॉक्टर आधी तोच मागतात.