चूक पॉकेटपाशी नसते

आमच्या गावच्या क्लबात मी अकरा वर्षं स्नूकर खेळत होतो. पॉकेटच्या तोंडाशी असलेला सोपा काळा चेंडूही माझ्याकडून हटकून चुकायचा. मग मी कधी टेबलाला दोष देई, कधी क्यूला. हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला. सबबीही बहुधा त्याच दिवशी जन्मल्या असाव्यात!

एका वर्षी जोडीच्या सामन्यात शेवटचा काळा मी चुकवला. जोडीदार काही बोलला नाही. पुढच्या वर्षी मात्र त्यानं दुसरा जोडीदार घेतला. ते मनाला लागलं. तेव्हा कुठे मी आमच्या वयस्कर मार्करना विचारलं, ‘‘चाचा, माझं चुकतं कुठं?’’

त्यांनी पांढरा चेंडू तपकिरी चेंडूच्या खुणेवर ठेवला. ‘‘सरळ मारा. निळ्या, गुलाबी, काळ्याच्या खुणांवरून समोरच्या कुशनला लागून तो परत क्यूच्या टोकाशी यायला हवा.’’ चेंडू वीतभर उजवीकडे आला. दहा वेळा मारला, नऊ वेळा उजवीकडेच!

मंडळी, कारण साधं होतं. ऐन फटक्याच्या वेळी माझी मूठ आवळली जायची आणि हात छातीकडे ओढला जायचा. टेबलावर टेकलेल्या डाव्या हातावर क्यू तराजूच्या दांडीसारखा फिरतो. मागचं टोक डावीकडे गेलं की पुढचं उजवीकडे जाणारच. मग पांढऱ्याला मधोमध फटका बसत नाही. तो नको ती फिरकी घेतो. चूक दिसते पॉकेटपाशी, पण होते मुठीत.

चाचांनी उपाय सांगितला. लहान मुलाचं बोट धरावं तसा क्यू सैल धरायचा. कोपर जागेवर ठेवून हात घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. क्यू मागे नेल्यावर क्षणभर थांबायचं आणि फटका मारल्यावरही डोकं वर करायचं नाही. सराव मात्र चेंडूशिवाय! रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवायची आणि तिच्या तोंडातून क्यू आतबाहेर करायचा. काच वाजली की चुकलं. चेंडू समोर असला की नजर पॉकेटकडे धावते आणि हात जुन्या सवयीवर जातो.

पहिले दोन महिने माझा खेळ आणखी बिघडला. जुनी सवय सुटली होती, नवी अजून बसली नव्हती. बरेच जण इथंच सोडून देतात. मीही देणार होतो.

एकदा मी विचारलं, ‘‘चाचा, माझी ही खोड तुम्हाला कधीपासून दिसत होती?’’

‘‘पहिल्या दिवसापासून. पण साहेब, तुम्ही कधी विचारलंच नाही. मार्करनं मेंबरला आपणहून सांगायचं नसतं.’’

क्लबच्या भिंतीवर विल्सन जोन्स यांचा फोटो आहे. पुण्यात जन्मलेल्या या खेळाडूनं १९५८ साली बिलियर्ड्सचं जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकलं. त्या फोटोकडे पाहून मी क्यू उचलायचो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे मात्र कधी पाहिलं नाही. आणि त्याच अकरा वर्षांत गावातल्या पोरांच्या कवितांतल्या चुका मी न विचारता सांगत होतो!

पांढरा आजही कधीकधी दोन बोटं उजवीकडे येतो. मग मी टेबलाकडे बघत नाही. आधी मूठ सैल करतो.