आधी गिऱ्हाईक ठरवा, मग लॉट उचला



आजचा विषय एका फोनमुळे सुचला. आमच्या डेपोतले एक हवालदार निवृत्त होऊन बेळगावला स्थायिक झालेत. परवा त्यांचा फोन आला. म्हणाले, "साहेब, गिऱ्हाइकांनी परत केलेल्या मोबाइलचा एक लॉट मिळतोय. दीडशे नग, तीन लाखांत. घेतो आणि ऑनलाइन विकतो. तुम्ही फक्त सांगा, कुठल्या साइटवर टाकू?"

मी विचारलं, "पैसे भरलेत का?"

"नाही, सोमवारी भरायचेत."

मी म्हटलं, "मग सोमवारपर्यंत माझं ऐका."

हे तीन लाख त्यांच्या कम्युटेशनचे होते. म्हणून त्यांना जे सांगितलं, ते आज तुम्हालाही सांगतो. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला असा की पुण्याला, हिशोब सगळीकडे सारखाच आहे.

लिक्विडेशनचा माल म्हणजे काय, ते आधी बघू. दुकान बंद झालं, हंगाम संपला, गोदामात जास्तीचा माल पडून राहिला किंवा गिऱ्हाइकांनी वस्तू परत पाठवल्या, की तो माल सुटा विकत बसणं कंपनीला परवडत नाही. मग त्याचा ढीग करून एकगठ्ठा विकतात. सरकारी खात्यांचा निकाली माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतो. खासगी माल लिलावाच्या साइटवर किंवा ठोक व्यापाऱ्यांकडे मिळतो. भाव ऐकून तोंडाला पाणी सुटतं. माझ्याही सुटलं होतं.

माझी नोकरी ऑर्डनन्समध्ये गेली. वापरलेला माल निकाली काढायच्या बोर्डावर मी कितीतरी वेळा बसलोय. तिथे पहिलं काम मालाची वर्गवारी. हा चालू, हा दुरुस्त होण्यासारखा, आणि हा बीईआर, म्हणजे दुरुस्तीचा खर्च परवडणार नाही असा. तीन ढीग पडल्याशिवाय पुढचा कागद हलत नसे. आणि इतकं शिकलेला मी निवृत्तीनंतर काय केलं? महूला घर घेतलं, जीएसटी नोंदणी केली आणि परत आलेल्या मिक्सरचा ६० नगांचा लॉट न उघडता घेतला. किंमत ७२,००० रुपये. मनात हिशोब एकच : १,२०० रुपयांना मिक्सर, २,००० ला विकला तरी ८०० सुटले.

माल घरी आल्यावर एकेक लावून बघितला. ३१ चालू निघाले, १४ दुरुस्त होण्यासारखे, १५ फक्त सुट्या भागांच्या लायकीचे. वाहतूक आणि हमाली ६,६०० रुपये. दुरुस्ती नगामागे ३००, म्हणजे ४,२००. पंधरा मोडके नग मिस्त्रीनं २५० ने उचलले, त्याचे ३,७५० आले. आता मांडा. ७२,००० अधिक ६,६०० अधिक ४,२००, वजा ३,७५०. झाले ७९,०५०. विकण्यासारखे नग ४५. भागा. एक मिक्सर मला १,७५७ रुपयांना पडला, आणि अजून एकही विकला नव्हता. जीएसटीचे १२,९६० रुपये वेगळे भरले होते. ते पुढे विक्रीच्या करातून वजा झाले, पण तोवर खिशातून गेलेच होते.

खरी चूक याच्या पुढची. एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं सांगितलं, "चालू नग नवीन म्हणून मोठ्या साइटवर टाका, कोण बघतंय?" मी सहा नग टाकले. सहाही गेले. आठव्या दिवशी अकोल्याहून एक परत आला. खोक्यात चिठ्ठी होती : "भांड्याच्या पात्याखाली हळद आहे. हा नवीन नाही." मागोमाग दोन तक्रारी आल्या, माझं खातं थांबलं आणि पैसे अडकले. साइटची काही चूक नव्हती. तीस वर्षं मालावर खरी चिठ्ठी लावणाऱ्या माणसानं खोटी चिठ्ठी लावली होती. पैसे नंतर सुटले. ती हळद मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

त्यातून एक गोष्ट कळली. "कुठली साइट चांगली" हा प्रश्नच अपुरा आहे. "माझ्या या ढिगाला गिऱ्हाईक कुठे आहे" हा पूर्ण प्रश्न. आणि तो लॉट घ्यायच्या आधी विचारायचा. कारण एकाच लॉटमधले तीन ढीग तीन वेगळ्या बाजारांत जातात.

पहिला ढीग सीलबंद, नवा, जास्तीचा माल. याची जागा अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टसारखे मोठे बाजार. अ‍ॅमेझॉनवर एका वस्तूचं एकच पान असतं आणि ती वस्तू विकणारे सगळे त्याच पानावर उभे असतात. त्यामुळे तुमच्याकडून घेणारा माणूस कोऱ्या मालाचीच अपेक्षा करतो. शिवाय अनेक ब्रँडसाठी आधी मंजुरी लागते आणि त्यासाठी खरेदीचं बिल मागतात. लॉटवाल्यानं बिलावर नुसतं "मिक्स लॉट" लिहिलं असेल, तर ते बिल तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून बोली लावण्याआधी विचारा : बिलावर वस्तूचं नाव, मॉडेल, नग येणार का? कपडे, चादरी, डबे असा बिनब्रँडचा स्वस्त माल असेल तर मीशो बघा. मीशोनं २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन घेणं बंद केलं. पण कमिशन नाही म्हणजे खर्च नाही असं समजू नका. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातून परत आलं, की त्याचा फटका कुठल्याही साइटवर बसतोच.

दुसरा ढीग वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल. अ‍ॅमेझॉन रिन्यूडसारखा वेगळा विभाग आहे, पण तिथे विक्रेत्याला आधी पात्र ठरावं लागतं आणि मालावर वॉरंटी द्यावी लागते. आपल्यासारख्या लहान माणसाला ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेस जवळचं. गावातलं गिऱ्हाईक घरी येतं, मिक्सर लावून बघतं, रोख देतं आणि घेऊन जातं. वजनदार वस्तूला तर हाच मार्ग, कारण कुरिअरच नफा खाऊन टाकतं. माझे उरलेले बहुतेक मिक्सर असेच गेले. जाहिरातीत मी स्वच्छ लिहिलं : "वापरून परत आलेला, तपासलेला, भांड्यावर ओरखडे." भाव कमी आला, पण एकही परत आला नाही.

इथे एक धोका सांगायलाच हवा, कारण त्यात आपल्या गणवेशाचं नाव खराब होतं. अशा साइटवर काही ठग स्वतःला फौजी म्हणवतात, गणवेशातला फोटो आणि खोटं ओळखपत्र पाठवतात, आणि "पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणतात. मंडळी, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकलात की पैसे तुमच्या खात्यातून जातात. समोरचा कर्नल म्हणवो की जनरल.

तिसरा ढीग मोडका किंवा मिसळ माल. तो सुटा विकायच्या नादाला लागू नका. इंडियामार्टसारख्या ठोक व्यवहाराच्या साइटवर किंवा गावातल्या मिस्त्र्याला एकगठ्ठा द्या. जागा मोकळी होते, तोही नफाच.

आता ऑनलाइनचा खर्च. कमिशन, ठरावीक फी आणि कुरिअर प्रत्येक साइट आपल्या दरपत्रकात देते, आणि ती बदलत असते. लॉट घ्यायच्या दिवशीचं दरपत्रक बघा. पण परतीचा खर्च त्या कागदावर दिसत नाही, तो आपण धरायचा. समजा दहा पार्सलं पाठवली, कुरिअर १२० रुपये, आणि दोन परत आली. जाण्याचे १,२००, परतीचे २४०, एकूण १,४४०. टिकलेली विक्री आठच. म्हणजे कुरिअर नगामागे १२० नाही, १८० पडलं. शिवाय परत आलेले दोन नग पुन्हा नवे म्हणून विकता येतीलच असं नाही.

कराचंही थोडक्यात सांगतो. राज्याबाहेर करपात्र माल विकायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आहे, पण पोर्टलवर नाव नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो. नोंदणीकृत विक्रेत्याच्या रकमेतून साइट जीएसटीचा टीसीएस कापते. तो १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्रातून वळता होतो, पण हातात उशिरा येतो. वापरलेल्या वस्तूंच्या व्यापारात, खरेदीवरचं क्रेडिट घेतलं नसेल तर, फक्त फरकाच्या रकमेवर कर भरण्याची सोय जीएसटी नियम ३२(५) मध्ये आहे. आपल्या सीएला हे जरूर विचारा.

काही माल मात्र हातच लावू नये असा. मुदत संपत आलेलं खाणं आणि सौंदर्यप्रसाधनं नकोत. बीआयएस चिन्ह नसलेली खेळणी नकोत, ते चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. छापील एमआरपीच्या वर विकता येत नाही. आणि फौजी बांधवांनो, कँटीनचा माल पुन्हा विकायचा नाही, हे मी वेगळं सांगायला नको. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. म्हणजे खोटं वर्णन शेवटी तुमच्याच दारात परत येतं.

आता हवालदारांच्या मोबाइलकडे येऊ. मोबाइल हा सगळ्यात निसरडा माल. चोरीचा निघाला तर पैसे जातातच, वर पोलीस ठाण्याच्या चकरा. प्रत्येक हँडसेटचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक संचार साथी पोर्टलवर तपासता येतो. केवायएम लिहून एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला तरी माहिती येते. मी त्यांना म्हटलं, "लॉटवाल्याकडे चार गोष्टी मागा. दीडशे नगांच्या आयएमईआयची यादी. मॉडेलवार बिल. किती चालू, किती बंद, ते लेखी. आणि सोमवारच्या आत कुठलेही दहा नग उघडून बघायची परवानगी. चारही मिळाल्या तर पुढचा हिशोब आपण दोघं बसून करू. एक जरी नाकारली तरी फोन ठेवा."

सोमवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. यादी मागितल्यावर लॉटवाला म्हणाला होता, "एवढी चौकशी करणारे आमचे गिऱ्हाईक नाहीत." हवालदारांनी पैसे भरले नाहीत. आता ते गावातल्या एका बंद होणाऱ्या भांड्यांच्या दुकानातले वीस सीलबंद कुकर बघतायत. मी विचारलं, "विकणार कुठे?" ते म्हणाले, "साहेब, आधी तेच ठरवतोय."

जय हिंद.