खिशांतली विजेरी : उजेड किती, आणि किती वेळ?



आजचा विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. खिशांत किंवा पिशवींत सहज मावणारी लहान विजेरी, जिला आपण बोलतांना सरसकट ‘बॅटरी’ म्हणतों, ती कशी पारखून घ्यावी, एवढेंच मला सांगावयाचें आहे. मी कांहीं विद्युच्छास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलों, आणि लहान वर्गांना गणित व सृष्टिज्ञान शिकविण्यांत माझी नोकरी संपली. पण या विषयाला लागणारें गणित गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे जात नाहीं, आणि तेवढें न केल्यामुळें एका रात्रीं आमच्यावर काय प्रसंग आला, तें आधीं सांगतों.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही उभयतां कोकणांत मूळ गांवीं गेलों होतों. एके रात्रीं अकराच्या सुमारास शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या छातींत दुखूं लागलें. वीज सायंकाळपासूनच गेलेली. मोटार उभी राहते ती सडकेवर, आणि घरापासून सडकेपर्यंत शेताच्या बांधावरून पायवाट. मध्यें ओढ्यावरचा साकव. खुर्चीला बांबू बांधून चौघांनीं त्यांना उचललें. माझा पुतण्या पुढें झाला. त्याच्या हातांत नवीकोरी विजेरी होती, आणि तिच्या खोक्यावर ‘दहा हजार ल्यूमेन’ असें ठळक छापलेलें होतें. “काका, काळजी करूं नका, दिवसासारखा उजेड पडेल,” तो म्हणाला. आणि पडलाही. परंतु सात-आठ मिनिटांत तो उजेड मावळूं लागला, आणि साकवाच्या मध्यावर आलों तोंच विजेरी विझली. खालीं पाण्याचा लोंढा, पायाखालीं ओल्या फळ्या, खांद्यावर आजारी माणूस! तेवढ्यांत मागून त्या घरची सून पुढें आली आणि म्हणाली, “मास्तर, ही घ्या. उजेड बेताचाच आहे, पण दगा नाहीं द्यायची.” बोटाएवढी, एका पेन्सिल-सेलवर चालणारी ती विजेरी आम्हांस साकवापलीकडे घेऊन गेली, आणि सडकेवर पोंचेपर्यंत तशीच तेवत राहिली. ते गृहस्थ वेळेवर इस्पितळांत पोंचले व आज सुखरूप आहेत. पण त्या दोन विजेऱ्यांपैकीं खरी मोठी कोणती, हा प्रश्न माझ्या मनांतून गेला नाहीं.

प्रथम या साधनाचा थोडा पूर्वेतिहास. हातांत धरण्याच्या नळीसारख्या विजेरीचें पेटंट अमेरिकेंत डेव्हिड मिसेल यांस १८९९ च्या जानेवारींत मिळालें. त्या वेळचे सेल इतके दुबळे आणि दिव्यांतील कार्बनचा तंतु इतका खादाड, कीं दिवा सतत लावून ठेवणें परवडत नसे. क्षणभर लावावयाचा व विझवावयाचा. इंग्रजींतील ‘फ्लॅश-लाइट’ हें नांव त्यावरूनच पडलें. पुढें टंगस्टनचा तंतु आला. तरी दोन पेन्सिल-सेलांची जुनी विजेरी दहा-पंधरा ल्यूमेनच्या पलीकडे फारशी जात नसे. खरी क्रांति झाली ती प्रकाश देणाऱ्या डायोडमुळें, म्हणजे ‘एल्-ई-डी’मुळें. निळा प्रकाश देणारा कार्यक्षम डायोड जपानी शास्त्रज्ञांनीं सिद्ध केला, आणि त्यावरूनच पांढऱ्या प्रकाशाचा दिवा निघाला. या कामगिरीबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. तंतूचा लहान दिवा एका वॅटमधून जेवढा प्रकाश काढी, त्याच्या दसपट किंवा अधिक प्रकाश आजचा डायोड काढतो.

आतां ‘ल्यूमेन’ म्हणजे काय? दिव्यांतून सर्व दिशांना मिळून जो एकंदर प्रकाश बाहेर पडतो, त्याचें तें माप आहे. साधी मेणबत्ती सुमारें बारा ल्यूमेन देते. घरांतला नऊ वॅटचा एल्-ई-डी दिवा सुमारें नऊशें. दुसरें माप ‘कँडेला’. एकाच दिशेनें जाणारा झोत किती तीव्र आहे, हें तें सांगतें. पहिलें माप घागरींत एकंदर पाणी किती हें सांगतें, दुसरें पिचकारीची धार किती जोराची तें सांगतें. तेवढ्याच ल्यूमेनचा प्रकाश खोल आरशानें एकवटला तर तो लांब जाईल, पण पायापाशीं अंधार राहील. तोच पसरला तर अंगण उजळेल, पण लांबचें झाड दिसणार नाहीं. शहरांतील जिना किंवा गांवची पायवाट यांसाठीं पसरट प्रकाशच उपयोगी पडतो.

झोत किती लांब जातो याचें एक प्रमाण ठरलेलें आहे. जेथें उजेड पाव लक्स, म्हणजे जवळजवळ स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तेथवर झोत पोंचतो असें मानतात. म्हणून कँडेलाचें वर्गमूळ काढून दुप्पट करावें, कीं मीटरांत अंतर मिळतें. २५०० कँडेलाचें वर्गमूळ ५०, त्याची दुप्पट १००; अशी विजेरी १०० मीटर पोंचते. झोताची लांबी दुप्पट हवी असेल तर तीव्रता चौपट लागते, हें यावरून ध्यानांत येईल.

डोळ्यांचाही असाच एक हिशेब आहे. शंभर ल्यूमेनचे दोनशें केले तर उजेड दुप्पट झाला असें डोळ्यांना वाटत नाहीं. दुप्पट भासावयास सुमारें चौपट प्रकाश लागतो. म्हणून खोक्यावरील मोठ्या आंकड्यानें दिपून जाण्याचें कारण नाहीं.

आतां मुख्य गणित. उजेड कोठून येतो? सेलांतून. सेलांत जेवढी ऊर्जा आहे तेवढीच बाहेर येणार. ती ‘वॅट-तासां’त मोजतात, सेलाचा दाब आणि त्याचे अँपिअर-तास यांचा गुणाकार केला कीं ती मिळते. टी.व्ही.च्या रिमोटांत घालतों त्या बारीक, पुन्हां भरतां येणाऱ्या निकेल-सेलांत सुमारें एक वॅट-तास असतो. भिंतीवरील घड्याळांत बसतो त्या मापाच्या पेन्सिल-सेलांत, १·२ व्होल्ट गुणिले दोन अँपिअर-तास, म्हणजे सुमारें अडीच वॅट-तास. आणि ‘१८६५०’ नांवाचा जो लिथियम-सेल मिळतो, तो १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असतो (त्याचें नांवच त्याचें माप आहे), त्यांत ३·६ व्होल्ट गुणिले तीन अँपिअर-तास, म्हणजे दहा-अकरा वॅट-तास.

चांगल्या लहान विजेरींत, कांचेंतील व विद्युन्मंडलांतील तूट वजा जातां, एका वॅटमागें शंभर ल्यूमेन पडतात असें धरून चालावें. तर बारीक सेलाची पुंजी झाली १०० ल्यूमेन-तास, पेन्सिल-सेलाची २५०, आणि लिथियम-सेलाची सुमारें १०००. ही पुंजी कशी खर्चावयाची तें आपण ठरवावें. पेन्सिल-सेलाची विजेरी १०० ल्यूमेननें अडीच तास चालेल, २५ ल्यूमेननें दहा तास, आणि ५ ल्यूमेननें दोन दिवस. संसारांतला पगार जसा पंचवीस दिवसांत उडवितां येतो किंवा दोन महिने पुरवितां येतो, तसेंच हें.

हेंच गणित आमच्या पुतण्याच्या विजेरीला लावा. तिच्यांत एकच लिथियम-सेल. पुंजी हजार ल्यूमेन-तासांची. दहा हजार ल्यूमेन खरोखरच दिले, तर पुंजी सहा मिनिटांत संपावी! शिवाय त्यासाठीं शंभर वॅट लागतील, त्यांतील बराचसा भाग उष्णता होऊन मुठींत तापेल, आणि सामान्य सेल एवढा प्रवाह देऊंच शकणार नाहीं. म्हणजे तो आंकडा खोटा होता. नंतर मीं सेल काढून पाहिला, तर त्यावर ‘९९०० मिलिअँपिअर-तास’ असें छापलेलें! या मापाच्या चांगल्या सेलांत साडेतीन हजारांच्या आसपास मावतात. खोक्यावरचा आंकडा आणि सेलावरचा आंकडा, दोन्ही त्रैराशिकानें उघडे पडतात.

नांवाजलेले कारखाने ज्या प्रमाणपद्धतीनें आंकडे देतात, ती अमेरिकेंत २००९ सालीं ठरली. तिला ‘एफ्-एल्-वन’ म्हणतात. तीप्रमाणें प्रकाश मोजावयाचा तो विजेरी लावल्यावर तीस सेकंदांनंतर, आणि चालण्याचा काळ धरावयाचा तो उजेड मूळच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंत. येथें एक गोम आहे. खोक्यावर ‘१००० ल्यूमेन, अडीच तास’ असें प्रामाणिकपणें लिहिलेलें असूं शकतें. पण हजार ल्यूमेन दोन-तीन मिनिटेंच मिळतात. लहानशी नळी तापते, म्हणून आंतील यंत्रणा प्रकाश आपोआप उतरविते, आणि उरलेला काळ दोन-तीनशें ल्यूमेनवर जातो. हें लबाडीचें नव्हे, पण वाचणाऱ्यानें समजून घ्यावयाचें आहे. ज्या माहितीपत्रकांत वेळ व उजेड यांचा आलेख दिलेला असतो, तें अधिक विश्वसनीय. आलेखाची रेषा बराच वेळ सपाट असेल, तर विजेरींत नियमन आहे. सुरुवातीपासूनच घसरगुंडी असेल, तर सेल उतरेल तसा दिवाही उतरेल.

माहितीपत्रक नसेल तर घरीं परीक्षा करावी. पांढऱ्या कागदाच्या मध्यावर तेलाचा एक थेंब पाडा. अंधाऱ्या खोलींत तो उभा धरून दोहों बाजूंस दोन विजेऱ्या ठेवा, आणि डाग दिसेनासा होईपर्यंत एक मागेंपुढें सरकवा. अंतरांच्या वर्गांचें जें प्रमाण, तेंच झोतांच्या तीव्रतेचें. पहिली एक मीटरवर व दुसरी दोन मीटरवर असतां डाग मावळला, तर दुसरीचा झोत चौपट तीव्र. ही बुन्सेनची जुनी युक्ति मीं वर्गांत कित्येकदां करून दाखविली आहे. पण यांत फक्त धार मोजली जाते, घागर नव्हे. एकंदर प्रकाश ताडावयाचा तर न्हाणीघरांत विजेरी छताकडे तोंड करून उभी ठेवावी, आणि भिंतीवरून परतलेल्या उजेडांत दर दहा मिनिटांनीं वर्तमानपत्राचा तोच मजकूर वाचून पाहावा. वेळ लिहून ठेवावी. आमच्या दोन विजेऱ्यांची मीं अशीच परीक्षा घेतली. मोठी पहिल्या पांच मिनिटांत सरस ठरली. पंधराव्या मिनिटाला बोटाएवढी पुढें गेली, आणि तासाभरानंतरही तिच्या उजेडांत अग्रलेख वाचतां येत होता.

आतां निवड. किल्ल्यांच्या जुडग्यांत अडकवावयाची असेल, तर बारीक सेलाची पुरे. लिफ्ट बंद पडली, जिना चढावयाचा आहे, एवढ्या कामाला दहा-वीस ल्यूमेन पुष्कळ होतात. घरोघरीं एक असावी ती पेन्सिल-सेलाची, कारण तिचा सेल कोपऱ्यावरच्या दुकानांतही मिळतो. गांवीं जाणें, डोंगर चढणें, रात्रीचा प्रवास असेल, तर लिथियम-सेलाची घ्यावी. मात्र हजार ल्यूमेनसाठीं नव्हे, तर शंभर ल्यूमेनवर ती दहा तास चालते म्हणून. कोणतीही घेतलींत तरी तिला एक अगदीं मंद पायरी असावी. काळोखाला सरावलेले डोळे प्रखर उजेडानें क्षणांत दिपतात, आणि पुन्हां सरावावयास वीस-तीस मिनिटें लागतात. रात्रीं उठणाऱ्या आम्हां वृद्धांस एक-दोन ल्यूमेन हेच वरदान.

प्रकाशाच्या रंगाचाही विचार करावा. निळसर पांढऱ्या उजेडांत तपकिरी व तांबडे रंग मेल्यासारखे दिसतात. रंग खरे दाखविण्याचें जें माप असतें, तें शंभरांत नव्वदांच्या वर असेल तर उत्तम. वेदान्तांत रज्जूच्या ठायीं सर्पाचा भास होतो. कोकणांतल्या पायवाटेवर धोका उलटा असतो, सर्पाच्या ठायीं रज्जूचा भास होतो. मण्यार तर रात्रींच हिंडते.

शेवटीं निगेबद्दल चार शब्द. अल्कलाइन सेल विजेरींत महिनेन्‌महिने ठेवूं नयेत. ते पाझरतात व आंतील धातु खाऊन टाकतात. लिथियम-सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटा खिशांत टाकूं नये, उन्हांतल्या मोटारींत ठेवूं नये, आणि योग्य चार्जरवांचून भरूं नये. ‘१४५००’ नांवाचा लिथियम-सेल दिसावयास हुबेहूब पेन्सिल-सेलासारखा, पण त्याचा दाब तिप्पट. विजेरीवर तशी परवानगी लिहिली नसेल तर तो घालूं नये. पिशवींत ठेवतांना मागचें झांकण अर्धा फेरा सैल करावें. बहुतेक विजेऱ्यांत त्यानें मंडल तुटतें, आणि विजेरी चुकून लागत नाहीं. मेलेले सेल कचऱ्यांत न टाकतां, ते गोळा करणाऱ्या केंद्रावर द्यावेत.

पुतण्यानें आतां पेन्सिल-सेलाची विजेरी घेतली आहे. दुकानदारानें ल्यूमेनचा आंकडा सांगतांच त्यानें विचारलें, “किती वेळ?” माझ्या मतें विजेरी घेणाऱ्यानें विचारावयाचा पहिला प्रश्न हाच. आज घरीं गेल्यावर आपली विजेरी शोधून काढा, सेल पाहा, आणि एकदां घड्याळ लावून ती किती वेळ चालते तें मोजा. अंधार पडल्यावर मोजण्यास वेळ नसतो.