तेरा गव्हर्नर आणि एक न्हाणीघर

कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो इथल्या गव्हर्नरच्या जुन्या वाड्याची ओळख करून देणारे दिवाणखान्यातल्या इटालियन संगमरवरापासून सुरुवात करतात. मला मात्र आधी वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात डोकवावंसं वाटतं. तिथे जनावराच्या पंजासारख्या पायांवर उभा असलेला जुना टब आहे आणि त्या पंजांची नखं लाल नेलपॉलिशने रंगवलेली आहेत.

अल्बर्ट गॅलटिनने 1877 साली हा पांढरा, लाकडी, तिमजली वाडा बांधला. गॅलटिन हंटिंग्टन-हॉपकिन्स या हार्डवेअरच्या पेढीतला भागीदार. पेढीच्या थोरल्या दोघांनी रेल्वे उभारली, याने तीस खोल्यांचं घर. दहा वर्षांनी ते जोसेफ स्टेफन्स या व्यापाऱ्याकडे गेलं आणि 1903 मध्ये राज्य सरकारने 32,500 डॉलरला गव्हर्नरसाठी विकत घेतलं. गंमत अशी की, त्याच सुमारास या स्टेफन्सचा मुलगा लिंकन अमेरिकेतल्या नगरपालिकांचा भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणत होता.

इथे राहणारे पहिले गव्हर्नर जॉर्ज पार्डी. त्यांच्यापासून 1967 पर्यंत तेरा गव्हर्नरांचे संसार इथे मांडले आणि आवरले गेले. पण आवरताना प्रत्येकाचं काही ना काही मागे राहिलं. पार्डींचा 1902 सालचा स्टाइनवे पियानो, हायरम जॉन्सन यांचा जांभळट मखमली सोफा, गव्हर्नर वॉरन यांच्या पत्नीचे इराणी गालिचे. त्यामुळे इथल्या खोल्या एका घराच्या वाटतच नाहीत.

डिसेंबर 1917 मध्ये मागच्या बाजूला डायनामाइटचा स्फोट झाला. स्वयंपाकघराचं नुकसान झालं, गव्हर्नर स्टीफन्स आणि घरातली माणसं बचावली. वाड्याचा खरा वैरी मात्र त्याचं स्वतःचं सुकं लाकूड होतं. आगीच्या भीतीने तिसरा मजला वापरातून काढावा लागला.

पॅट ब्राउन गव्हर्नर असताना पोहायला अंगावर बाथरोब चढवून रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जात. शेवटी मित्रमंडळींनी वर्गणी काढून अंगणातच तलाव बांधून दिला. टबाची नखं रंगवली ती ब्राउन यांची धाकटी मुलगी कॅथलीन हिने. 

1967 मध्ये गव्हर्नर रेगन आणि नॅन्सी हे दांपत्य आलं आणि काही महिन्यांतच निघून गेलं. हे घर म्हणजे आगीचा सापळा आहे, असं नॅन्सीबाईंचं म्हणणं. अग्निशमनवाल्यांचंही मत फारसं वेगळं नव्हतं. मग वाड्याचं संग्रहालय झालं. कॅथलीनने 1994 मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली आणि ती हरली. जिंकली असती, तरी आपणच रंगवलेली नखं पाहायला तिला पर्यटकांच्या वाटेनेच जावं लागलं असतं.

तिचा भाऊ जेरी 1975 मध्ये गव्हर्नर झाला, तेव्हा रेगन यांच्या काळात आखलेला नवा प्रासाद नाकारून भाड्याच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर गादी टाकून झोपायचा. पुढे तो पुन्हा गव्हर्नर झाला. तेव्हा जुन्या वाड्याची लाखो डॉलर खर्चून डागडुजी झाली आणि 2015 च्या अखेरीस, सत्त्याहत्तराव्या वर्षी, तो बायकोसह वडिलांच्या त्या घरात राहायला गेला. त्याच्यानंतर आलेले गॅव्हिन न्यूसम चार मुलांना घेऊन थोडे दिवस राहिले आणि शहराबाहेर, मोठ्या आवाराच्या घरात गेले.