पैसे वजा झाले, जमा झाले नाहीत

जबलपूरच्या बडा फुहारा बाजारात, कमानिया गेटच्या परिसरात, साडीचे पैसे आता क्यूआर कोडवर दिले जातात. कधी गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम वजा होते आणि दुकानदाराच्या फोनवर मात्र काहीच येत नाही. दोघांनाही एकच उत्तर मिळते, 'सर्व्हर डाउन'. पैशाच्या बाबतीत एवढ्यावर समाधान मानू नये. काय अडले हे नेमके सांगणारे शब्द आहेत आणि ते संगणकवाल्यांपुरते राहावेत इतके अवघड नाहीत.

डेटाबेस म्हणजे शिस्तीने ठेवलेली नोंदवही. एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या पद्धतीत ती तक्त्यांत असते, एका ओळीत एक नोंद. एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा, या दोन नोंदी मिळून एक 'ट्रान्झॅक्शन'. दोन्ही झाल्या की 'कमिट', म्हणजे व्यवहार कायम. मध्येच वीज गेली तर 'रोलबॅक', म्हणजे पहिली नोंदही रद्द. हे साधते कारण बदल आधी 'लॉग'मध्ये लिहिला जातो. रोजकीर्द आधी, खतावणी नंतर, तसेच. वहीची तुलना इथे तोकडी पडते, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो खरा आहे. मुनीम एकटा लिहितो, इथे हजारोंच्या नोंदी एकाच क्षणी येतात. म्हणून एक खाते बदलत असताना बाकीच्यांना थोपवणारे 'लॉक' लागते.

इतकी काळजी घेऊनही पैसे का अडकतात? 2016 पासून सुरू असलेल्या यूपीआयमध्ये बहुतेकदा वह्या दोन असतात, दोन वेगळ्या बँकांच्या. पहिलीत कमिट झाले आणि दुसरीकडून उत्तर आले नाही, तर रोलबॅकची वेळ टळून गेलेली असते. उलटी नोंदच करावी लागते. ती करण्यापूर्वी दुसरीकडे रक्कम खरोखर जमा झाली नाही ना, हे पाहावे लागते, नाहीतर तीच रक्कम दोघांकडेही दिसेल. उशीर होतो तो इथे.

गिऱ्हाइकाला हे कळून काय उपयोग, असे विचारले जाते. उपयोग रोकडा आहे. 'पेंडिंग' म्हणजे निकाल लागायचा आहे, हे ज्याला ठाऊक तो घाईने पुन्हा पैसे पाठवत नाही. व्यवहार क्रमांक जपून ठेवतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला पोचपावती न मिळालेली रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई आहे आणि ती तक्रारीची वाट न पाहता खात्यात जमा करायची आहे.