अठरा बाइटांची सांगली

पावसाळ्यात सांगली-साताऱ्यातल्या फोनांवर एक यादी फिरत असते. डावीकडे पुलाचं नाव, उजवीकडे फूट आणि इंच. कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, सांगलीचा आयर्विन. आयर्विनपाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर चढलं, तेव्हापासून तर घराघरात ही यादी पंचांगापेक्षा जास्त वाचली जाते. तिच्यात एकही वाक्य नसतं. नाव आणि आकडा, एवढ्यावर माणसं सामान बांधतात किंवा निवांत झोपतात.

संपादकांना या दोन जिल्ह्यांतल्या सॉफ्टवेअरवाल्यांवर लेख हवा होता. विषय भरपूर होते. सांगलीचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासूनचं, ज्याला पुढे वालचंद हे नाव मिळालं. कराडचं शासकीय महाविद्यालय १९६० पासूनचं. पुणे-मुंबईच्या कंपन्यांत इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि हल्ली घरी बसून पुण्याचं काम करणारेही आहेत. पण माझं मन अडकलं ते एका अगदी छोट्या गोष्टीत. ‘नाव आणि आकडा’ ही जोडी संगणकात ठेवायची आणि मागितली की परत द्यायची, एवढ्यासाठी प्रोग्रामर जी क्लायंट लायब्ररी वापरतात, तिच्यात. प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत तिचं नाव येतं आणि त्यानंतर तिची आठवण कुणी काढत नाही.

आधी ती जिच्याशी बोलते त्या वखारीविषयी. की-व्हॅल्यू डेटाबेस तलाठ्याच्या दप्तरासारखा चालतो: गट नंबर सांगा, उतारा घ्या. ‘पाच एकरांवर ऊस असलेले शेतकरी किती’ असं विचारलंत तर मात्र सगळं दप्तर चाळावं लागेल. गट नंबर म्हणजे ‘की’, उतारा म्हणजे ‘व्हॅल्यू’. प्रश्न एवढाच ठेवल्यामुळे उत्तर विलक्षण वेगानं मिळतं.

कल्पना जुनी आहे. केन थॉम्पसननं १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘डीबीएम’ लिहिलं ते याच धर्तीवर. २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिकनं आपल्या लाइव्हजर्नल या संकेतस्थळाचा भार हलका करायला ‘मेमकॅश्ड’ काढलं. २००९ मध्ये साल्वातोरे सानफिलिप्पो या सिसिलीच्या प्रोग्रामरनं ‘रेडिस’ आणलं. संकेतस्थळांना येणाऱ्या भेटी त्याच क्षणी दाखवणारी एक सेवा तो चालवत होता, तिला नेहमीचा डेटाबेस पुरेना. रेडिस सगळा माल मुख्य स्मृतीत ठेवतं आणि आज्ञा एकामागून एक, रांगेनं पाळतं. त्याचा पोर्ट क्रमांक ६३७९. जुन्या फोनच्या बटणांवर हे आकडे दाबले की एका इटालियन नटीचं आडनाव उमटतं. सानफिलिप्पोच्या मित्रमंडळींतला तो विनोद जगभरच्या सर्व्हरांवर कायमचा कोरला गेला.

आता पलीकडे ही वखार, मुंबईच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये. अलीकडे आपला पायथन या संगणकी भाषेतला प्रोग्राम, सांगलीत. मधे फक्त तार, आणि तारेतून फक्त बाइट जातात. प्रोग्रामर लिहितो चार ओळी: लायब्ररी आणा, पत्ता आणि पोर्ट द्या, ‘सेट’ म्हणून ठेवा, ‘गेट’ म्हणून मागा. पायथनसाठी अँडी मॅककर्डीनं लिहिलेली लायब्ररी सर्वांत रुळलेली. जावा, गो, नोड यांच्या आपापल्या आहेत. या चार ओळींखाली काय चालतं ते बघायला मी तारेवरचा मजकूर उघडून पाहिला आणि तिथेच रमलो.

लायब्ररी आज्ञेचं पाकीट करते ते असं. आधी तारांकन आणि त्यापुढे आकडा: पाकिटात तुकडे किती. मग प्रत्येक तुकड्याआधी डॉलरचं चिन्ह आणि त्या तुकड्याची लांबी. ‘सांगली’पुढे ३८ ठेवायचे तर तुकडे तीन: ‘सेट’ हा रोमन शब्द, लांबी ३, की, लांबी १८, व्हॅल्यू, इंग्रजी अंकांत लिहिली तर लांबी २. सर्व्हरचं उत्तरही असंच शिस्तीचं. अधिकचं चिन्ह म्हणजे झालं, वजाचं म्हणजे चूक, अपूर्णविराम (:) म्हणजे पूर्णांक. आणि ‘डॉलर, उणे एक’ आलं तर असं काही ठेवलेलंच नाही.

हे शेवटचं उत्तर मला फार आवडलं. पातळी शून्य असणं वेगळं आणि पातळीची नोंदच नसणं वेगळं. लायब्ररी हा फरक प्रामाणिकपणे जपते, रिकाम्या जागी पायथनचं ‘नन’ देते. आळशी प्रोग्रामर त्याचं शून्य करतो आणि पडद्यावर नदी कोरडी पडते.

पण ‘सांगली’ची लांबी १८ कशी? वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात. युनिकोड सहा चिन्हं मोजतं: स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. त्यातलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, म्हणून अठरा. ‘सातारा’ही अठराच भरतं. रोमनमध्ये या दोन्ही नावांची अक्षरं सहा आणि बाइटही सहाच, त्यामुळे रोमनपुरतं पाहणाऱ्याला अक्षर आणि बाइट यांतला फरक कधी टोचतच नाही. एखाद्या हौशी माणसानं स्वतःच लायब्ररी लिहिली आणि बाइटांऐवजी चिन्हं मोजून लांबी ६ कळवली, तर सर्व्हर सहा बाइट, म्हणजे नुसता ‘सा’, उचलतो. पुढे डॉलरचं चिन्ह हवं तिथे त्याला आपल्या गावाच्या नावाचे उरलेले तुकडे दिसतात आणि तो जोडणी तोडून टाकतो. चांगली लायब्ररी हे मोजमाप न चुकता करते. उलट दिशेनं मात्र पायथनची ही लायब्ररी सावध असते. मुद्दाम सांगितलं नाही तर ती उत्तर कच्च्या बाइटांतच देते आणि नवशिक्याला आपल्या गावाच्या जागी उलट्या तिरक्या रेघांची नि रोमन अक्षरांची माळ दिसते. ‘उत्तर उलगडून दे’ असं जोडणी करताना एकदा सांगून ठेवावं लागतं.

या पाकिटाच्या पद्धतीवर मालकी कुणाची नाही, याचा दाखला मार्च २०२४ मध्ये मिळाला. रेडिसच्या कंपनीनं परवान्याच्या अटी बदलल्या, आणि त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘व्हॅल्की’ नावानं वेगळी चूल मांडली गेली. पाकीट तेच राहिल्यामुळे जुन्या लायब्रऱ्या नव्या दारातही चालल्या.

इथवर सगळं कौतुकाचं. अडचण सुरू होते ती कराडपासून, कृष्णा-कोयनेच्या संगमापासूनच म्हणा.

या गावाचं नाव ‘कराड’ असं लिहितात आणि जुन्या वळणानं ‘कऱ्हाड’ असंही. ही दोन रूपं डोळ्यांना तरी वेगळी दिसतात. पण ‘कऱ्हाड’मधला अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी उमटतो. एका कळफलकावर त्यासाठी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त येतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. बाइट मोजले तर पहिला शब्द १८, दुसरा २१. डेटाबेसच्या लेखी ही दोन वेगळी गावं. एका कर्मचाऱ्यानं पातळी पहिल्या तऱ्हेनं भरली आणि तुम्ही दुसऱ्या तऱ्हेनं मागितली, तर उत्तर येणार ‘डॉलर, उणे एक’. युनिकोडचं ठरलेलं शुद्धीकरण चालवूनही ही दोन रूपं एक होत नाहीत, कारण ते अदृश्य जोडचिन्ह त्या नियमांत बसत नाही. लायब्ररी यात काही करू शकत नाही आणि करूही नये: तिला दिलेले बाइट जसेच्या तसे पोचवणं हेच तिचं काम.

आकड्यांचंही तसंच. पायथनला देवनागरी ‘३८’ दिलं तर तो बिनतक्रार अडतीस समजतो. तेच ‘३८’ मजकूर म्हणून डेटाबेसात ठेवून ‘यात एक मिळव’ म्हटलं की सर्व्हर सांगतो, हा पूर्णांकच नाही. अलीकडच्या तीरावर जो आकडा आहे तो पलीकडे नुसते सहा बाइट असतो.

याहून खोल पाणी पुढे आहे. प्रत्येक प्रश्नासाठी नवी जोडणी उघडणं महाग, म्हणून लायब्ररी काही जोडण्या उघडून त्यांचा साठा ठेवते. काम आलं की एक घ्यायची, प्रश्न पाठवायचा, उत्तर वाचायचं, परत ठेवायची. उत्तरावर मात्र ते कुठल्या प्रश्नाचं हे लिहिलेलं नसतं. पहिल्या प्रश्नाचं पहिलं, दुसऱ्याचं दुसरं; सगळा भरवसा या रांगेवर.

२० मार्च २०२३ रोजी ही रांग जगासमोर मोडली. ओपनएआयला चॅटजीपीटी काही काळ बंद करावं लागलं, कारण काही लोकांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसत होती. दोष निघाला पायथनच्या याच लायब्ररीत. प्रश्न पाठवून झाल्यावर पण उत्तर वाचण्याआधी विनंती रद्द झाली, तर ती जोडणी न वाचलेलं उत्तर पोटात घेऊन साठ्यात परत जायची. पुढचा माणूस आपला प्रश्न पाठवायचा आणि त्याच्या हाती आदल्याचं उत्तर पडायचं. बहुतेक वेळा उत्तराचा प्रकार जुळत नसे आणि चूक पकडली जाई. प्रकार जुळला की मात्र ते बिनबोभाट खपून जाई. नऊ तासांच्या एका टप्प्यात ती सेवा वापरणाऱ्या सशुल्क ग्राहकांपैकी १.२ टक्क्यांचे पैसे भरण्याबाबतचे काही तपशील, नाव, ईमेल, कार्डाचे शेवटचे चार आकडे असे, इतरांना दिसले असण्याची शक्यता कंपनीनं स्वतः जाहीर केली. लायब्ररी दुरुस्त झाली.

पण पुराच्या यादीचा प्रोग्राम डोळ्यांपुढे ठेवून हे वाचलं की झोप उडते. पाणी चढत असताना हजारो लोक एकच पान पुन्हा पुन्हा उघडतात, कंटाळून मधेच बंद करतात, म्हणजेच विनंत्या रद्द करतात. भिलवडीचा प्रश्न रद्द झाला आणि आयर्विनच्या प्रश्नाला भिलवडीचा आकडा आला, तर? दोन्ही फुटांतलेच आकडे. प्रकार जुळतो, चूक पकडायला कुणी नाही.

यावरचे नेहमीचे उपाय नव्या अडचणी घेऊन येतात. उत्तराची वाट किती वेळ बघायची, ही मुदत पायथनच्या या लायब्ररीत बराच काळ मुळात घातलेलीच नव्हती. पलीकडून उत्तर आलं नाही तर प्रोग्राम नुसता ताटकळत राहायचा. मुदत घातली की ती संपल्यावर काय, हा प्रश्न येतो. पुन्हा पाठवायचं? ‘आयर्विनपुढे ४१ ठेव’ ही आज्ञा दोनदा गेली तरी बिघडत नाही. पण ‘निवारा केंद्रातली माणसं एकनं वाढव’ ही आज्ञा पोचली, पाळली गेली आणि फक्त होकार वाटेत हरवला, तर दुसऱ्यांदा पाठवल्यावर एक माणूस जास्त मोजला जातो आणि जेवणाचं एक ताट उगाच वाढतं. लायब्ररीला हा फरक कळत नाही. तो प्रोग्रामरनंच ठरवायचा.

तसंच शिळ्या आकड्याचं. नोंद भरणाऱ्याकडची वीज गेली तर काल संध्याकाळचे ३९ फूट आज सकाळीही ताजे असल्यासारखे दिसत राहतात. म्हणून ठेवतानाच व्हॅल्यूला आयुष्य देता येतं: तासाभरात नवी नोंद आली नाही तर ही आपोआप पुसली जाईल. पुरात चुकीच्या दिलाशापेक्षा रिकामी जागा बरी, कारण रिकामी जागा बघून माणूस निदान पुलाकडे फोन तरी लावतो.

या सगळ्यातून मला वाटतं ते असं. लायब्ररी जितकी चांगली, तितकं आपण तिच्याखालचं विसरतो, आणि हा विसर तिचा दोष नाही. गावाचं नाव की म्हणून वापरूच नये. प्रत्येक पुलाला एक साधा क्रमांक द्यावा आणि नाव, मग ते कराड असो वा कऱ्हाड, व्हॅल्यूत ठेवावं. व्हॅल्यूत नुसता आकडा नको: पुलाचा क्रमांक, एकक आणि मोजल्याची वेळ हे तिन्ही त्याच्यासोबत हवेत. मग रांग मोडली तरी आयर्विनच्या प्रश्नाला आलेलं उत्तर स्वतःच सांगेल की मी भिलवडीचा आहे, आणि प्रोग्राम ते फेकून देऊन पुन्हा विचारेल. यासाठी प्रत्येक नोंदीमागे थोडे बाइट जास्त लागतील. ज्या गावानं ५७ फूट पाणी पाहिलं आहे, त्यानं ते खुशाल खर्च करावेत.