सव्वा वॅटचा उजेड

मोटारीच्या डॅशबोर्डावरील एसी-हीटरचे पॅनेल, म्हणजे पंख्याचा वेग, हवेचे तापमान आणि झोताची दिशा ठरवणाऱ्या नॉबांची पट्टी, १९९० च्या दशकातील बहुतेक गाड्यांत रात्री उजळते ती पाठीमागे दडलेल्या दोन-चार चिमुकल्या बल्बांमुळे. त्यांचा प्रकाश पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीतून, जिला प्रकाशवाहिनी म्हणता येईल, आतल्या आत परावर्तित होत चिन्हांपर्यंत पोहोचतो. म्हणून एक बल्ब गेला तरी सारे पॅनेल काळवंडत नाही, केवळ एक कोपरा अंधारतो आणि त्यावरून गेलेल्या बल्बाची जागा कळते.

या कामी सर्रास वापरला जाणारा बल्ब १२ व्होल्ट, १.२ वॅटचा असून बाजारात तो टी-५ या नावाने मिळतो. यातील ५ हा आकडा काचेचा साधारण व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. त्याला धातूची टोपी नसते, तर काचेचे बूडच पाचरीसारखे चपटे करून त्यावर दोन तारा दुमडलेल्या असतात, आणि हे बूड ज्या प्लास्टिकच्या होल्डरात रोवतात तो पाव फेरा फिरवला की पॅनेलच्या छिद्रातून सुटतो.

बल्बातील टंगस्टनची तार, म्हणजे फिलामेंट, तापून प्रकाश देताना कणाकणाने झिजते; झिजलेला धातू काचेवर बसून ती आतून काळसर होते आणि तारेचा सर्वांत बारीक भाग अखेर तुटतो. थंड तारेचा विद्युतरोध तापलेल्या तारेपेक्षा फार कमी असल्याने बटण दाबताच क्षणभर मोठा प्रवाह वाहतो, त्यामुळे जीर्ण बल्ब बहुधा लावतानाच जातो. विद्युतदाब ५ टक्क्यांनी वाढला तर उजेड सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, पण आयुष्य जवळजवळ निम्मे होते. इंजिन चालू असताना गाडीतील दाब १४ व्होल्टांच्या आसपास असतो हे ध्यानात घेतले, तर या बल्बांचे वय मर्यादित का, हे उमगते.

बदलण्याच्या कामात बल्बापेक्षा त्याच्यापर्यंत पोहोचणेच अवघड असते. प्रथम बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवतात आणि एअरबॅग असलेल्या गाडीत काही मिनिटे थांबतात. मग नॉब सरळ ओढून काढतात, भोवतालची चौकट लोखंडी पेचकसाऐवजी प्लास्टिकच्या पट्टीने उचकटतात, कारण जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, आणि स्क्रू काढून पॅनेल पुढे घेतात. तापमानाच्या नॉबला हीटरच्या झडपेपर्यंत जाणारी केबल जोडलेली असेल, तर ती ताणली जाऊन वाकणार नाही याची काळजी घ्यावी लागते. बल्बावर हिरवी वा निळी रबरी टोपी असल्यास ती नव्या बल्बावर चढवतात, अन्यथा पॅनेलचा रंग बदलतो.

एलईडीचा पर्याय कमी वीज घेतो व दीर्घकाळ टिकतो. परंतु त्यातून वीज एकाच दिशेने वाहत असल्याने तो उलटा बसल्यास पेटत नाही, त्याचा प्रकाश एकाच बाजूला पडून चिन्हे विषम उजळू शकतात आणि उजेड कमी-जास्त करणाऱ्या जुन्या नियंत्रकाशी त्याचे जुळेलच असे नाही. अधिक वॅटचा बल्ब तर टाळावाच, कारण बंदिस्त जागेतील उष्णतेने होल्डर वितळू शकतो. एकाच वेळी बसलेले बल्ब पाठोपाठ जातात. तेव्हा पॅनेल एकदा उघडल्यावर सगळेच बदलावेत आणि चौकट परत बसवण्यापूर्वी दिवे लावून पाहावेत.